काचबिंदू आणि लेसर किरण

वऱ्हाडातील काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. म्हणून अमरावती-अकोल्याकडील शेतकरी पावसाळ्यापूर्वीच शेताचे चर मोकळे करतो. चर तुंबला, तर कपाशीची मुळे कुजतात.

डोळ्याचेही असेच आहे. डोळ्यात एक स्वच्छ द्रव सतत पाझरतो व सूक्ष्म जाळीतून बाहेर पडतो. जाळी तुंबली म्हणजे डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टीचा संदेश मेंदूकडे नेणारी नस सुकू लागते. हाच काचबिंदू होय. बहुधा तो दुखत नाही. कडेची नजर हळूहळू जाते आणि रोग्यास पत्ताही लागत नाही.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर किरण निर्माण केला. आज नेत्रवैद्य असे किरण त्या जाळीवर क्षणभर सोडतात. चीर न देता काही मिनिटांत काम होते. पुढे काही आठवड्यांत द्रवाची वाट सुधारते व पुष्कळ रोग्यांचा दाब उतरतो.

मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागते. काचबिंदूने नेलेली दृष्टी मात्र लेसरनेही परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. म्हणून चाळिशी उलटताच, विशेषतः घरात कोणास काचबिंदू असल्यास, नेत्रपरीक्षा करून घ्यावी. चर मोकळे करावयाचे ते पावसापूर्वीच!