मोटारीची घरघर आणि टिकटिक

सुबारूच्या अमेरिकेंत २०२१ पर्यंत विकल्या गेलेल्या डब्ल्यूआरएक्स एसटीआय मोटारीची घरघर हा रोग नव्हे. चार सिलिंडरांतून धूर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यास हेडर म्हणतात. तिच्या हेडरांतील नळ्या असमान लांबीच्या. म्हणून धुराचे ठोके विषम अंतरानें एकत्र येतात. समान लांबीचें हेडर बसविलें कीं घरघर मावळते. शौकिनास हळहळ वाटते, ती निराळी! परंतु थंड इंजिन सुरू होतांच टिकटिक ऐकूं येत असेल, तर सांधा सुटला किंवा नळी तडकली असण्याचा संभव फार. धातु तापून प्रसरण पावला म्हणजे ती थांबते; भेग मात्र तशीच राहते. सांध्याजवळ काजळी पाहावी. नवें हेडर मागाहून. गळती आधीं बंद करावी. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि तो गाडींत शिरूं शकतो.