घर सांभाळताना, लेखांक ८ : फेब्रुवारीतली ओल

गड्ड्याची यात्रा आटोपते, महाशिवरात्र जवळ येते आणि थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते, असं जुनी माणसं म्हणतात. सोलापुरात मुळात ती येते तरी किती! बर्फाळ मुलखात हिवाळा सरला की घर बाहेरून तपासतात, त्याला सबळ कारण असतं. विटेत मुरलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि वीट फोडतं. आपल्या शुक्रवार पेठेत असलं काही घडत नाही. तरीही घराला बाहेरून फेरी मारायला वर्षातले हेच दिवस सर्वांत चांगले.

आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. त्यात भिजलेली जाड दगडी भिंत दिवाळीत वरून कोरडी दिसली तरी आतून ओलीच असते. पुढचे तीन-चार महिने कोरड्या हवेत ती सावकाश वाळते. म्हणून फेब्रुवारीत भिंतीवर ओलसर डाग दिसला, तर तो बहुतेक वेळा पावसाचा नसतो. तो आपल्या घरातला असतो, नाहीतर शेजारचा. पावसाळ्यात हा निवाडा होत नाही. तेव्हा सगळंच ओलं असतं आणि आभाळाला दोष देऊन मोकळं होता येतं.

पहिला संशय टाकीवर घ्यावा. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात गच्चीवर टाक्या असणारच. पाणी आलं की मोटर लावायची, टाकी भरून वाहू लागली की खालून कुणीतरी ओरडायचं, ही आपली रीत. ओव्हरफ्लोचा पाइप मात्र वीतभर, तोंड थेट कठड्याच्या पायथ्याशी. डाग ओळखायची सोपी खूण अशी : पाणी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो गडद होत असेल आणि पुढचं पाणी येईपर्यंत फिका पडत असेल, तर दोष टाकीचा. रोज सारखाच राहत असेल, तर भिंतीतला पाइप किंवा मोरीचा सांधा गळतोय. पहिल्यावर हातभर पाइप जोडून तोंड पन्हळीकडे वळवलं की काम झालं. दुसऱ्याला प्लंबर आणि छिन्नी लागेल.

जोत्याच्या वर हात-दीड हातावर पांढरी बुकटी दिसली तर तो लोणा. जमिनीतली ओल क्षार घेऊन चढते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि गिलावा आतून ढकलतात. यावर सिमेंटचा गिलावा चढवायचा सल्ला हमखास मिळतो, आणि माझ्या मते जुन्या घरांचं पावसापेक्षा जास्त नुकसान याच सल्ल्याने केलं आहे. दगड-मातीची भिंत श्वास घेते. सिमेंट तिचं नाक दाबतं. ओल मग बाहेर पडायला वाट शोधत आणखी वर चढते. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये, आणि सैल झालेला भाग काढून तिथे चुन्याचाच गिलावा करावा.

स्लॅबच्या घरात त्रास वेगळा. स्लॅबच्या खाली, भिंतीच्या माथ्यावर आडवी भेग दिसते, ती बहुधा उन्हाची. दहा मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब तीस अंशांनी तापला की सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. विटांची भिंत जेमतेम त्याच्या निम्मी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग मात्र पायाकडे बघायला सांगते. काळी माती ओलीत फुगते, वाळताना आक्रसते. अशा भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा. मे महिन्यात ती खुणेच्या पुढे सरकली असेल, किंवा रुपयाचं नाणं कडेने आत शिरत असेल, तर गवंड्याच्या आधी इंजिनिअरला बोलवा.

माळवदाची घरं पेठेत आता थोडी उरली आहेत, पण ज्यांची आहेत त्यांनी भिंतीकडे जरा जास्त वेळ पाहावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीत जी घरं बसली, त्यांतल्या बऱ्याच भिंती दोन पदरी होत्या : आत एक थर, बाहेर एक, मध्ये खडी-माती, आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. डोक्यावर माळवद. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं त्यावर नवी माती पडत गेलेली आणि वजन वाढत गेलेलं. भिंतीने पोट काढलंय का, हे समोर उभं राहून कळत नाही. भिंतीला गाल लावून, एका डोळ्याने तिच्या लांबीवर नजर टाकावी किंवा वरून ओळंबा सोडावा. फुगवटा असेल तर वर एक घमेलंही माती टाकू नका.

कठड्यातला पिंपळ एव्हाना सहज दिसतो. नुसता उपटला तर मूळ आत राहतं आणि पावसात पुन्हा फुटतं. तिथला दगड-चुना उकरून मूळ पुरतं काढावं, मगच भेग भरावी. वाळवणं घालायला बायका गच्चीवर जातील तेव्हा त्यांना नक्की विचारा. कुठली फरशी पोकळ वाजते हे घरात त्यांनाच आधी ठाऊक असतं.

चुन्याचं काम पाडव्याच्या आत उरकलेलं बरं. चुना हवेतून सावकाश घट्ट होतो; उन्हाळ्यात तो त्याआधीच सुकून भुगा होतो. ओलं गोणपाट टांगून ठेवावं लागतं, तेव्हा पाणी येण्याचा दिवस बघूनच गवंड्याला वेळ द्या. रंग सगळ्यात शेवटी. आणि डाग सामाईक भिंतीवर असेल, तर शेजाऱ्यांना आपल्या बाजूने तो दाखवायला बोलवा. त्यांच्या गच्चीवरची टाकी आपल्याला दिसते, पण तिचं पाणी कुठे मुरतं ते त्यांना दिसत नाही.

(पुढच्या आठवड्यात : गच्चीचा उतार आणि पन्हळी)