चाळीस वर्षांनी उगवणारे दुखणे

खाणीचे छप्पर कोसळले किंवा सुरुंग अवेळी उडाला, तर संकट तत्काळ दिसते. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीतील संकट तसे नव्हे. तेथला मजूर धडधाकट घरी परततो, काही वर्षांनी दुसरा रोजगार धरतो आणि वीस, तीस, प्रसंगी चाळीस वर्षांनी त्याला धाप लागू लागते.

अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज होय. खडक फोडताना त्याचे अतिसूक्ष्म तंतू हवेत पसरतात व श्वासावाटे फुप्फुसांत खोल जातात. शरीरातील रक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात. परंतु सुईसारखा लांब तंतू त्यांना गिळवत नाही व विरघळवताही येत नाही. परिणामी दाह धुमसत राहतो. फुप्फुसे हळूहळू घट्ट व ताठर होतात, त्यास अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोगही संभवतो. धूम्रपानाची जोड मिळाल्यास तो धोका अनेक पटींनी वाढतो. तिसरा विकार मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुप्फुसावरील आवरणाचा कर्करोग.

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर केप भागात निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. १९६० साली डॉ. वॅगनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्मीळ कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदविले. त्यांतील काहींनी खाणीत कधीच काम केले नव्हते. खाणींच्या परिसरात त्यांचे केवळ वास्तव्य होते. धुळीला कुंपण नसते, हे त्यावरून जगाला कळले.

आपल्याकडेही झारखंडमधील चाईबासाजवळची रोरो टेकडीवरील खाण १९८३ मध्ये बंद पडली. पण खनिजाचा टाकाऊ ढिगारा मागे राहिला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला, की प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जतन करावी. रोग इतक्या सावकाश येतो, म्हणून नोंदही तितकीच दीर्घायुषी हवी. ती नसेल तर म्हाताऱ्या मजुराची धाप वयाच्या खाती जमा होते आणि त्याची भरपाई बुडते.

फुप्फुसांत रुतलेले तंतू काढून टाकण्याचा उपाय नाही. मात्र धूम्रपान सोडता येते, वेळोवेळी तपासणी करून घेता येते. आणि वृद्ध रुग्ण खोकत आला, तर वैद्याने एक प्रश्न अवश्य विचारावा: “बाबा, तरुणपणी काम कोठे करीत होता?”