लोह शोधताना तांबं सापडलं

१९२८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हार्ट, एल्व्हेजम आणि सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. नुसत्या दुधावर वाढवलेल्या उंदरांचा पंडुरोग लोह देऊन बरा होईना. जोडीला किंचित तांबं दिलं की रक्त भरू लागे. लोहाचं काम तांब्यावाचून का अडावं? पेशीच्या दारात नेमकं काय घडतं, हे कळायला १९९४ उजाडलं. उत्तर दिलं ते पावाच्या यीस्टनं.

बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॅन्सिस आणि क्लॉस्नर यांच्या गटानं लावलेल्या सापळ्याविषयी आजही वाचायला मजा येते. यीस्टचं एफआरई-१ हे जनुक लोह मुबलक असलं की बंद होतं. त्याची कळ त्यांनी हिस्टिडिन तयार करणाऱ्या जनुकाला जोडली आणि हिस्टिडिन नसलेल्या, पण लोहानं भरलेल्या बशीवर यीस्ट पसरलं. धडधाकट पेशी पोटभर लोह घेणार, कळ बंद होणार, वाढ खुंटणार. तगणार त्या लोह आत घेता न येणाऱ्या पेशी. म्हणजे बिघाड लोहाच्या दारातच सापडायला हवा! सापडलं ते सीटीआर-१, तांबं आत आणणाऱ्या प्रथिनाचं जनुक.

हे 'सेल' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलं आणि त्याच अंकात युटाच्या कॅप्लान गटानं दुवा जुळवला. पेशीच्या पृष्ठभागावरचं फेट-३ हे विकर लोहाचं ऑक्सिडीकरण करतं, तेव्हाच ते या दारातून आत जातं. आणि या विकराला तांब्याचे चार अणू लागतात. तांबं नाही, तर दार बंद.

जनुकांची कळ दाबणारे प्रथिनांचे हातही याच सुमारास सापडले: तांब्याच्या टंचाईत मॅक-१ (१९९३), लोहाच्या टंचाईत एएफटी-१ (१९९५). तांबं जास्त झालं तर एस-१ ते बांधून ठेवणारं प्रथिन बनवून घेतं, हे आधीच ठाऊक होतं.

पण टंचाई ओळखायची कशी? मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते २००४ सालचं उत्तर, तेही कॅप्लान गटाचंच. एएफटी-१ पेशीतलं सुटं लोह मोजतच नाही. तंतुकणिकांत लोह-गंधकाचे गुच्छ नीट बनताहेत का, यावर त्याचा निवाडा ठरतो. गुच्छ अडले, की आत लोहाचा ढीग असूनही पेशी आणखी लोह ओढत राहते. फ्रीड्रिख अटॅक्सिया या आजाराशी निगडित फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन नसलेल्या यीस्टच्या तंतुकणिकांत लोह साठतं, हे १९९७ सालीच दिसलं होतं. त्याचा अर्थ या उत्तरानंतर लागला.