सूर्योदय ते नवकारसी : धावण्याच्या दोन घटिका

पहाटे उठणे ही व्यापारी कुटुंबांना नव्याने शिकवावी लागणारी गोष्ट नव्हे. दुकान उघडण्यापूर्वी देवदर्शन, सामायिक आणि स्वाध्याय उरकणाऱ्या आजोबांच्या आठवणी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सांगितल्या जातात. त्या पिढीच्या दिनक्रमात आणखी एक गोष्ट होती. ती इतकी सहज होती, की तिला कोणी व्यायाम म्हटले नाही. वसुलीसाठी, आठवडी बाजारासाठी, शेजारच्या गावी माल पाहण्यासाठी ते कोसच्या कोस पायी जात. आज माल टेम्पोने दारात येतो, उधारीची आठवण मोबाईलवरून जाते आणि घर ते पेढी हे अंतर स्कूटरवर संपते. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंतची गादीवरची किंवा काउंटरमागची बैठक मात्र कायम राहिली आहे.

या बैठकीची किंमत काय असते, हे दाखवून देणारा एक अभ्यास १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. बस एकच, मालक एकच, राहणीमानही साधारण सारखेच. फरक एवढाच, की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत दररोज ५०० ते ७५० पायऱ्या चढे. चालकांच्या तुलनेत वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. जो आढळला तोही उशिरा आणि सौम्य स्वरूपात. आपल्या दुकानांतही हेच चित्र आहे. शेठजी चालकाच्या जागी बसलेले असतात आणि माडीवरून माल काढणारा मदतनीस वाहकाचे काम करत असतो. त्यातच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. ज्या घराचा सारा व्यवहार एका कर्त्या माणसाभोवती फिरतो, तेथे त्याचे आजारपण ही केवळ त्याची व्यक्तिगत बाब राहत नाही.

सकाळी कामापूर्वी धावण्याचा विचार म्हणूनच अनेकांच्या मनात येतो. नव्या वर्षाला बूट खरेदी होतात, आठ-दहा दिवस उत्साहाने धावणे होते आणि मग एखादे लग्न, एखादी बाहेरगावची खरेदी निमित्त होऊन सारे थांबते. इच्छाशक्ती कमी पडली, असा निष्कर्ष आपण काढतो. वास्तविक अडचण निराळी असते. धावण्याला दिवसात स्वतःची ठरलेली जागा मिळालेली नसते. ती जागा जैन कुटुंबाच्या दिनक्रमात फार पूर्वीपासून आखलेली आहे, एवढेच या लेखात सुचवावयाचे आहे.

आयती आखलेली वेळ

सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे होईपर्यंत अन्नपाणी न घेण्याचा नवकारसीचा नियम अनेक घरांत पाळला जातो. या दोन घटिका धावण्याला नेमक्या पुरतात. प्रारंभी पाच मिनिटे चालणे, मग अर्धा तास धावणे, शेवटी पाच-सात मिनिटे सावकाश चालत श्वास पूर्ववत होऊ देणे आणि पायांना ताण देणे, की नवकारसीची वेळ होते. पुण्यात मे महिन्याच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातला नवकारसी येते. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदयच सात वाजून गेल्यावर होतो आणि नवकारसीला आठ वाजत येतात. दोन्ही ऋतूंत दुकान उघडण्यापूर्वी हे सारे सहज आटोपते. घड्याळाच्या काट्याऐवजी सूर्याशी वेळ बांधल्याने पंचांग पाहणाऱ्या घराला निराळा गजर लागत नाही.

उजाडल्यावर धावण्याचे आणखी दोन लाभ आहेत. अंधारात वेगाने येणारी वाहने आणि रस्त्यावरचे खड्डे यांचा धोका टळतो. आणि पायाखाली काय आहे ते दिसते. जीवजंतू पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण साधूंसाठी असली, तरी श्रावकालाही ती परकी नाही. पावसाळ्यात गवताळ मैदानाऐवजी स्वच्छ डांबरी रस्ता किंवा बांधलेला मार्ग निवडावा. धावण्याचे बहुतेक बूट कापड आणि कृत्रिम धाग्यांचे असतात. काहींवर मात्र चामड्याचे तुकडे असतात, तेवढे खरेदी करताना विचारून घ्यावे.

जे याच वेळी सामायिक करतात, त्यांनी ते सोडून धावू नये. सामायिक आधी, अंधार असतानाच करावे. किंवा आठवड्यातील धावण्याचे दिवस आणि निवांत सामायिकाचे दिवस ठरवून घ्यावेत. भाजीपाला-फळांच्या अडतीवर ज्यांचे सौदे उजाडण्यापूर्वीच सुरू होतात, त्यांना ही वेळ साधणार नाही. त्यांनी सौदे आटोपल्यानंतरची एक ठरलेली वेळ धरावी. वेळ कोणती यापेक्षा ती रोज तीच असावी, हे महत्त्वाचे.

सवयीची सुरुवात सायंकाळी

पहाटेची सवय मोडते ती आदल्या रात्री. दुकान नऊला बंद करून साडेनऊ-दहाला भरपेट जेवण आणि मग बाराला झोप, या क्रमात सहाला उठणे म्हणजे झोपेतून तास-दीड तास कापून घेणे होय. असे कर्ज चार दिवस चालते, पाचव्या दिवशी शरीर वसुली करते. चौविहार पाळणाऱ्या घरांनी यावर उपाय फार पूर्वी शोधलेला आहे. सूर्यास्तापूर्वी घरचा डबा पेढीवर पोहोचतो, जेवण तेथेच होते आणि रात्री घरी परतल्यावर रोजमेळ पाहून झोपणे एवढेच काम उरते. साडेदहाला झोपणारा माणूस साडेपाचला सात तासांची झोप घेऊन, हलक्या पोटाने उठतो. ज्यांना रोज हे शक्य नाही, त्यांनी धावण्याच्या आदल्या सायंकाळी तरी ते साधावे.

पाण्याचा प्रश्न मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. चौविहार आणि नवकारसी दोन्ही पाळणाऱ्याच्या पोटात पुण्याच्या उन्हाळ्यात सुमारे पावणेबारा तास आणि जानेवारीत साडेतेरा तासांहून अधिक काळ पाण्याचा थेंबही जात नाही. हिवाळ्यात घाम कमी येत असल्याने सावकाश अर्धा तास धावणे निरोगी माणसाला सहसा जड जात नाही. उन्हाळ्यात मात्र दुपारपासून सूर्यास्तापर्यंत थोडे थोडे करून पुरेसे पाणी पिऊन घ्यावे. शेवटच्या दहा मिनिटांत दोन तांबे रिचवून उपयोग होत नाही. सकाळी लघवी गडद पिवळी दिसली, तर त्या दिवशी धावू नये, चालावे. तिविहार करणाऱ्यांना रात्री पाणी घेता येते, त्यांची अडचण कमी आहे. दीर्घ अंतराच्या धावण्याची हौस निर्माण झाली, तर ती या दोन घटिकांत आणि कोरड्या घशाने भागवू नये; त्यासाठी वेगळा दिवस आणि वेगळी वेळ हवी.

पहिले नऊ आठवडे

सुरुवात संथ असावी. जगभर प्रचलित असलेला नऊ आठवड्यांचा क्रम नवख्यांसाठी उत्तम आहे. आठवड्यातून तीनच दिवस, एकाआड एक. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट धावणे आणि दीड मिनिट चालणे, असे वीस मिनिटे करावयाचे. पुढच्या प्रत्येक आठवड्यात धावणे थोडे वाढते, चालणे कमी होते आणि नवव्या आठवड्याच्या शेवटी सलग अर्धा तास धावता येते. वेग किती असावा, याची कसोटी सोपी आहे : शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना शब्द तुटू लागले, की वेग कमी करावा. दमछाक म्हणजे व्यायाम, हा समजच नवख्याला गुडघेदुखीकडे नेतो.

तीन दिवस अर्धा तास म्हणजे आठवड्याला ९० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम सुचविला आहे. आपला हिशेब त्यात बसतो. याहून थोडे केले तरी ते वाया जात नाही. अमेरिकेत ५५,१३७ प्रौढांवर सरासरी पंधरा वर्षे चाललेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज जेमतेम पाच-दहा मिनिटे आणि तेही संथ धावणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू न धावणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले.

सवय किती दिवसांत लागते? एकवीस दिवसांत, असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मात्र एखादी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा आहे : मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. एका दिवसाची विक्री बुडाली म्हणून कोणी दुकान मोडत नाही. दुसऱ्या दिवशी ते ठरल्या वेळी उघडते.

घरातील सर्वांची सकाळ

पुरुषाने पहाटे बाहेर पडावे आणि घरातील स्त्रीने त्याच वेळी पाणी उकळावे, डबे भरावेत, मुलांना शाळेसाठी उठवावे, अशी व्यवस्था असेल, तर ती सवय एकाची आणि भार दुसऱ्याचा ठरतो. गुडघेदुखी, मधुमेह आणि रक्तदाब श्राविकांनाही सोडत नाहीत. आठवड्यातून तीनच दिवस धावावयाचे असल्याने यातून मार्ग निघतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकाचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसऱ्याचे. ज्याचा दिवस नाही, त्याने स्वयंपाकघर आणि मुले सांभाळावीत. एकत्र कुटुंबात सासूबाईंनी सुनेला ‘तू जाऊन ये, दुधाचे मी पाहते’ एवढे म्हटले, तरी अर्धे काम होते. एकट्या स्त्रीला रस्त्यावर धावणे अवघड वाटत असेल, तर जाऊ-नणंद, शेजारीण किंवा महिला मंडळातील दोघी-तिघींनी मिळून जावे. रविवारी सारे घर एकत्र निघाले, तर मुलांना वेगळा उपदेश करावा लागत नाही.

तपश्चर्या आणि हंगाम

आपल्या वर्षात दोन काळ असे येतात, की धावणे हटकून थांबते : एक पर्युषणाचा, दुसरा दिवाळी आणि लग्नसराईचा. उपवासाच्या दिवशी धावू नये, हे उघडच आहे. अठ्ठाईसारख्या दीर्घ तपानंतर पारणे झाले म्हणून दुसऱ्याच दिवशी बूट घालू नयेत. आहार पूर्ववत होईपर्यंत केवळ चालावे आणि मग दोन आठवडे मागे जाऊन क्रम पुन्हा धरावा. एकासणे किंवा आयंबील असेल, तेव्हा निम्मे अंतर पुरे. मात्र शक्ती असेल तेथवर ती वेळ सोडू नये. त्या दोन घटिकांत अंगणात, गच्चीवर किंवा मंदिराच्या वाटेवर शांतपणे चालावे. हंगामातही तसेच, अर्धा तास मिळत नसेल, तर दहा मिनिटे धावावे. धावणे कमी झाले तर पुन्हा वाढविता येते. वेळ एकदा दुसऱ्या कामाला दिली, की ती परत मिळविणे कठीण जाते.

सावधगिरी

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतल्याशिवाय आरंभ करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी धावताना अचानक खाली जाऊ शकते. त्यांनी नियम आणि व्यायाम यांचा मेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घालावा; गरज पडल्यास नवकारसी करून, काही वेळाने चालावे. धावताना छातीवर दडपण आले, हातात किंवा जबड्यात कळ आली, चक्कर किंवा नेहमीपेक्षा निराळी धाप जाणवली, तर तत्काळ थांबून रुग्णालय गाठावे. पित्त झाले असेल असे म्हणून सोडा पिऊन दुकान उघडणे, ही आपल्याकडची जुनी आणि महागात पडणारी रीत आहे.

बस-वाहकांचा अभ्यास करणारे डॉ. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले. तेवढे आयुष्य प्रत्येकाच्या वाट्याला येईलच असे नाही. परंतु साठीनंतर नातवाचे बोट धरून मंदिराच्या पायऱ्या चढता याव्यात, शिखरजी किंवा पालिताणा येथील यात्रा डोलीविना पायी घडावी, पेढी मुलांच्या हाती सोपवताना ती रुग्णशय्येवरून सोपवावी लागू नये, एवढी अपेक्षा कोणीही ठेवू शकतो. तिच्यासाठी द्यावयाच्या आहेत त्या आठवड्यातून तीन दिवस दोन घटिका. उद्याचा सूर्योदय किती वाजता आहे, ते आज रात्री पंचांगात पाहून ठेवावे आणि बूट दाराशी काढून ठेवावेत.