पाच डाव शंभरांना भारी

पोकर नावाचा पत्त्यांचा एक पाश्चात्त्य खेळ आहे. आपल्याकडील तीन पत्तीचा तो भाऊबंदच म्हणा ना! या खेळात बहुतेक डाव किरकोळ असतात. बरी पाने आली नाहीत, की खेळाडू थोडेसे गमावून पाने खाली ठेवतो. एखाद्या डावात मात्र दोघांनाही चांगली पाने येतात, कोणीच माघार घेत नाही आणि मधला ढीग वाढत जातो. बैठक संपल्यावर हिशेब पाहावा, तर हारजीत या मोजक्या डावांनीच ठरलेली दिसते. असे का व्हावे? पैसे न लावता, घरबसल्या आपण ते तपासू शकतो. आणि गंमत अशी, की सातारा-सांगलीच्या पावसाचे एक कोडेही त्यातून उलगडते.

एक नाणे घ्या आणि ते शंभर वेळा उडवा. पहिल्या ९५ डावांत छापा पडला तर एक चिंचोका जमा, काटा पडला तर एक वजा. शेवटच्या पाच डावांत मात्र जमा किंवा वजा एकदम २० चिंचोके! आता पाहा, लहान डावांत मिळून पणाला लागले ९५ चिंचोके, मोठ्या डावांत १००. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. मग निकालावर दोघांचा प्रभावही सारखाच पडेल, असे तुम्हांला वाटेल.

पण तसे घडत नाही. लहान डाव पुष्कळ असल्यामुळे छापे आणि काटे एकमेकांना खोडून काढतात. अशा वेळी शिल्लक साधारण किती उरते, याचा गणितात एक सोपा नियम आहे : डावांच्या संख्येचे वर्गमूळ काढावे व त्याला एका डावातील रकमेने गुणावे. ९५ चे वर्गमूळ सुमारे १०, म्हणून लहान डावांची शिल्लक दहा चिंचोक्यांच्या आसपास. ५ चे वर्गमूळ सुमारे सव्वादोन; त्याला २० ने गुणले, की येतात ४५. शिवाय पाच ही विषम संख्या असल्याने मोठे डाव एकमेकांना पूर्णपणे खोडूच शकत नाहीत. निदान २० चिंचोके एका बाजूला उरतातच. ते फेडायला लहान डावांना उलट दिशेने वीसहून अधिक मजल मारावी लागते, आणि तसे फार क्वचित होते. हिशेब केला, तर शंभर बैठकींपैकी जवळजवळ ९९ बैठकींचा निकाल ते पाच डावच ठरवतात! म्हणूनच एका बैठकीतील यशावरून कोणाला कसलेला खेळाडू ठरवणे धाडसाचे असते.

आता पावसाकडे वळू. पावसात वजाबाकी नसते, प्रत्येक दिवसाचा पाऊस बेरजेतच पडतो. तरीही एक वर्ष दुसऱ्या वर्षापेक्षा वेगळे का ठरते, हे पाहू लागलो की तोच प्रकार आढळतो. भुरभुरीचे दिवस दरवर्षी थोड्याफार फरकाने सारखेच; खरा फरक पडतो तो मोजक्या जोरदार दिवसांमुळे. पेंडरग्रास व क्नुटी या शास्त्रज्ञांनी १९९९ ते २०१४ या काळातील जगभरच्या पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये दाखवून दिले, की सर्वसाधारण केंद्रावर वर्षाचा निम्मा पाऊस सर्वांत ओल्या अवघ्या १२ दिवसांत पडतो.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. त्यातला सुमारे ५९४ मिलिमीटर २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या एकाच दिवसात कोसळला. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात वर्षभरात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो! त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरात उगम पावतात, कराडला एकमेकींना भेटतात आणि ते पाणी पुढे सांगलीला जाते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. पूर येतो तो हंगामाच्या सरासरीने नव्हे, तर अशा थोड्या दिवसांनी.

नाण्याच्या खेळात आणि पावसात एक महत्त्वाचा भेद मात्र ध्यानात ठेवा. नाण्याला मागचा डाव आठवत नाही. मोठे पाऊस मात्र पुष्कळदा लागोपाठ येतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे जोर धरतात. सह्याद्री त्यांना वर चढवतो, हवा थंड होते आणि घाटमाथ्यावर कित्येक दिवस धार लागून राहते. धरणात त्यासाठी जागा राखावी लागते. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट असली, तरी ते आधीच भरलेले असेल, तर पुढचे पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसते.

माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांत गोष्ट उलटी, पण नियम तोच. तिथे वर्षातले दोन-तीन मोठे पाऊस हुकले, की वर्षच हुकते. आणि आलेच, तर जमीन एवढे पाणी एकदम पिऊ शकत नाही. बांध, नालाबंदिस्ती, शेततळे नसेल तर ते ओढ्याने वाहून जाते. ‘सरासरीइतका पाऊस झाला’ ही बातमी वाचून विहिरीला पाणी असेल, असे म्हणूनच समजू नये.

तुमच्या शाळेत पर्जन्यमापक असेल, तर येत्या पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. हंगाम संपल्यावर आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा आणि वरून बेरीज करीत चला. एकूण पावसाच्या निम्म्यापर्यंत किती दिवसांत पोहोचता? पाटणच्या शाळेचे उत्तर आणि जतच्या शाळेचे उत्तर शेजारी ठेवून पाहा. कोणत्या गावाचे वर्ष कमी दिवसांवर टांगलेले आहे, ते तुम्हांला आकडेच सांगतील.