खातं चालू राहू द्या, साहेब

राजूर म्हटलं की नगरकडच्या माणसाला अकोले तालुक्यातलं राजूर आठवतं आणि जालन्याकडच्या माणसाला राजूरचा गणपती. मी सांगतो आहे ते राजूर यवतमाळ जिल्ह्यातलं, वणी तालुक्यातलं. कोळशाच्या खाणींनी आणि चुन्याच्या भट्ट्यांनी घडवलेलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी त्या भागातल्या एका बँकेत अधिकारी होतो. काउंटरवर येणाऱ्या नोटांवरून माणूस कुठून आला ते कळे. काळपट नोटा खाणीच्या, पांढरी पूड लागलेल्या भट्टीच्या.

जूनमधली एक दुपार मला अजून विसरता येत नाही. दहावीचा निकाल नुकताच लागला होता. भट्टीवर काम करणारी एक बाई मुलाला घेऊन माझ्या टेबलापाशी आली. त्या मुलाचं आमच्याकडे बचत खातं होतं. स्लिपा तो स्वतः भरायचा, अक्षर मोत्यासारखं. बाई म्हणाली, ‘‘साहेब, तुम्ही शिकले-सवरलेले. याले समजावून सांगा जी. दहावी गेली याची. तीन दिवसांपासून बोलत नाही.’’

माझा त्या दिवशी ताळा जुळत नव्हता. मान वर न करताच मी म्हणालो, ‘‘अरे, ऑक्टोबरला पुन्हा बस. एवढं काय त्यात? आई राबते तुझ्यासाठी, तिच्याकडे बघ.’’ मुलानं मान हलवली. आठवडाभरातच तो घरातून निघून गेला, तो परतलाच नाही.

माझ्या त्या दोन वाक्यांमुळे तो गेला, असं मी म्हणत नाही. पण त्याला एक प्रश्न विचारायला हवा होता, ‘काय होतंय तुला?’ एवढाच. तो मी विचारला नाही. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, माणसाच्या मनातलं तुम्हाला बरं कळतं, असं वाचक म्हणू लागले. तेव्हा तेव्हा मला तो मुलगा आठवत राहिला.

आता आकड्यांकडे येऊ. जुनी सवय आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. सर्व राज्यांत हा आकडा सर्वाधिक. परीक्षेतलं अपयश हे त्यातलं एक कारण, एकमेव नव्हे. घरातली भांडणं, कर्ज, व्यसन, वर्गातली चेष्टा, न सांगता येणारी भीती, असं पुष्कळ काही पोरांच्या दप्तरात असतं.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये, असं त्यात आहे.

आमच्या जिल्ह्याला मनाच्या आजाराची ओळख फार कडू मार्गानं झाली. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य शासनानं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्ती कास्तकाराच्या घरी जाऊन झोप लागते का, जेवण जातं का, अशी विचारपूस करू लागली. चांगलंच झालं. पण त्याच घरात कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेल्या आणि पान न उलटणाऱ्या पोराला कोण विचारणार?

‘‘आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? आम्ही नाही मोठे झालो?’’ असं माझ्या वयाचे लोक विचारतात. झालो. पण आजी होती, मामा होता, पारावर बसणारं कुणीतरी म्हातारं माणूस होतं. खाणीच्या गावात पोटासाठी लांबून आलेल्या कुटुंबांना हे गोतावळं नसे. आता ते शहरातल्या दोन खोल्यांतही राहिलेलं नाही. आणि जे मोठे झाले नाहीत, ते हा प्रश्न विचारायला इथे नाहीत.

दुसरा प्रश्न अधिक व्यवहारी आहे. हे काम शिक्षकच का करणार नाहीत? बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत याचा एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांत हे काम शिक्षकांवर सोपवलं, काहींत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांवर. ते पेशानं मानसतज्ज्ञ नव्हते. त्यांच्या शाळांतलं वातावरण सुधारलं, दांडगाई आणि मुलांमधली उदासी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत म्हणावा असा फरक पडला नाही. यात शिक्षकांचा दोष मला दिसत नाही. ज्याच्या हाती गुण आहेत, त्याच्यापुढे मूल मन कसं उघडं करील? कर्जदारसुद्धा आपली खरी अडचण वसुली अधिकाऱ्याला सांगत नाही.

‘एवढे समुपदेशक आणायचे कुठून?’ याचं उत्तर मला बँकेनंच शिकवलं. लहान गावात पूर्ण शाखा परवडत नसे, तेव्हा आठवड्यातून एक-दोन दिवस तिथे कार्यालय उघडत असे. त्या दिवसाची गाव वाट बघे. शाळांची केंद्रं आहेतच. एका केंद्रातल्या पाच-सहा शाळांना मिळून एक समुपदेशक, प्रत्येक शाळेला ठरलेला एक वार, आणि दार लोटून घेता येईल अशी एक खोली. तिथे सांगितलेलं मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणार नाही, एवढी हमी. जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं, हेही मुलाला आधीच सांगून ठेवायचं. गावाची बोली जाणणारी पदवीधर मुलंमुली यासाठी तयार करता येतील.

तोवर आपण घरी काय करायचं? निकालाच्या दिवशी आकड्याआधी चेहरा बघायचा. उपदेशाआधी प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. मूल ‘जगण्यात अर्थ नाही’ असं बोललं, तर ते नाटक समजायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे फोन करायचा. त्यात कमीपणा कसला?

ती बाई पुढे दर वर्षी बँकेत यायची. मुलाच्या खात्यात दहा रुपये भरायची. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ‘‘चालू राहू द्या, साहेब. पोरगं आलं तर पैसे लागतीन त्याले.’’ पावती मीच लिहून द्यायचो. मी बदलून गेलो तेव्हा खातं चालू होतं.